चेंबर तीनची बेल

१

मंचरच्या पेठेत मांगीलालजींचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर त्यांच्या थोरल्या मुलाचं, पीयूषचं, कॉम्प्युटरचं ऑफिस. दोन हजार सहा साली पीयूष एकतीस वर्षांचा होता. आपल्या धंद्यात आपण सगळ्यांच्या पुढे आहोत असं त्याला वाटायचं, आणि ते फारसं खोटं नव्हतं. मशीन बंद पडलं की मोटारसायकल काढून धावणारे पुष्कळ होते. मशीन बंद पडणार आहे हे आधी कळणारा तो एकटाच.

घोडेगावापासून नारायणगावापर्यंत त्यानं सात ठिकाणी सर्व्हर बसवले होते. प्रत्येक सर्व्हरला एक मोडेम आणि मोडेममध्ये सिमकार्ड. पंखा मंदावला, हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, बॅटरी उतरली, आतलं तापमान चढलं, की लगेच पीयूषच्या मोबाईलवर मेसेज. जेवता जेवता तो मेसेज वाचायचा आणि समोरच्याला म्हणायचा, “नारायणगावचा पंखा आठवडाभरात जाणार बघा.” आणि तो जायचा.

सातवं ठिकाण म्हणजे पिंपरी पेंढारच्या पुढे, रस्त्याला लागून असलेलं गेणभाऊंचं कोल्ड स्टोरेज. चार चेंबर. उन्हाळ्यात त्यांत बटाट्याचं बेणं असायचं, दोन अंशांवर ठेवलेलं. सर्व्हरबरोबर चारही चेंबरचं तापमान कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे, असं गेणभाऊंचं म्हणणं.

तिथली मशीन संपतकाका चालवायचे. मूळचे तळेघरच्या बाजूचे, अठ्ठावन्न वर्षांचे, अंगानं वाळकुडे, डोक्याला बारा महिने लोकरीची टोपी. बावीस वर्षं त्यांनी पाइपाला हात लावून तापमान सांगितलं होतं आणि दर दोन तासांनी फेरी मारून ते रजिस्टरात लिहिलं होतं. पीयूष वायरी ओढत होता तेव्हा ते बाजूला उकिडवे बसून बघत होते.

“म्हंजे ह्यो डबा तुमाला मंचरला हाक मारनार?”

“मला आणि तुम्हाला, दोघांनाही. तुमचा नंबरही घातलाय मी.”

“मला विंग्रजी कुठं वाचता येतंय, शेठ?”

“वाचू नका. वाजला की मला फोन लावा. मी सांगतो काय करायचं ते.”

प्रत्येक चेंबरच्या आत दाराशेजारी एक लाल बटण होतं. आत कुणी अडकलं तर दाबायचं. ते दाबलं की मशीनरूमच्या भिंतीवरचा भोंगा वाजायचा. पण त्याची वायर उंदरांनी कुरतडली होती आणि जनरेटर चालू असला की तो कुणाला ऐकूही जात नसे. पीयूषनं तो उतरवला आणि बटणांच्या वायरी सर्व्हरला जोडल्या. आता बटण दाबलं की दोन मोबाईल वाजणार होते.

“ऱ्हाऊ द्या की वर,” संपतकाका म्हणाले. “काय खायाला मागतोय व्हय त्यो भोंगा?”

“काका, एका कामाला दोन-दोन कशाला?”

 भोंगा उचलून त्यांनी कपाटामागे ठेवला.

२

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी पीयूष जेवून माडीवर आला आणि मोबाईल वाजला. पिंपरी पेंढार. सर्व्हरचं तापमान: दोन.

त्याला हसू आलं. सर्व्हर तापल्याचे मेसेज शेकड्यांनी येतात. गारठल्याचा आजवर एकही आला नव्हता. बाहेर ऊन रणरणत होतं. तो सर्व्हर पत्र्याखालच्या एका छोट्या खोलीत, काचेच्या दाराच्या उभ्या कपाटात होता. सकाळपासून त्याचं तापमान एकतीस होतं, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ते एकदम दोन झालं होतं. हळूहळू उतरलेलं नव्हतं.

त्यानं फोन लावला.

“काका, सर्व्हरच्या खोलीत बघा बरं. काय झालंय?”

थोड्या वेळानं आवाज आला, “कायबी न्हाई. पंखा फिरतोय. माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्यात.”

“गार वगैरे?”

“गार? शेठ, हितं भाकरी भाजंल.”

तीन वाजून दहा मिनिटांनी तापमान पुन्हा एकतीस झालं. वर चढत नाही आलं. दोनवरून सरळ एकतीस.

दोन वाजता तिकडे भारनियमनात वीज जायची आणि जनरेटर सुरू व्हायचा. व्होल्टेज हललं असेल, सेन्सर चुकला असेल. पीयूषनं वहीत तशी नोंद केली आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दोन दहाला पुन्हा मेसेज आला. तिसऱ्या दिवशीही.

३

आठवड्यानं तो स्वतः गेला. सेन्सर बदलला, वायर बदलली, अर्थिंग तपासलं. मग स्टूल घेऊन त्या खोलीतच बसला. खोली ती काय. एका हातानं ही भिंत आणि दुसऱ्या हातानं ती भिंत लागेल एवढी. पलीकडे जनरेटरची धडधड, तिच्याखाली कंप्रेसरचा घुमणारा आवाज, आणि सर्व्हरच्या पंख्याची बारीक शीळ.

दोन दहाला त्याचा मोबाईल वाजला. दोन अंश.

त्यानं कपाटावर तळहात ठेवला. पत्रा गरम होता. दार उघडून आत हात घातला, आतली हवा गरम होती. पण दार लावताना त्याला दिसलं, काचेवर एका जागी धुरकट डाग आहे. आपला श्वास लागला असेल, म्हणून त्यानं रुमालानं पुसला. तो पुसला गेला नाही. डाग काचेच्या आतल्या बाजूला होता. तो रुपयाएवढा होता, मग वाटीएवढा झाला, मग पुन्हा आक्रसला. पुन्हा वाटीएवढा. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

कपाटात सर्व्हर, बॅटरी आणि वायरींची भेंडोळी खच्चून भरली होती. मांजर शिरायलासुद्धा जागा नव्हती.

“काका,” त्यानं हाक मारली.

संपतकाका दारात येऊन उभे राहिले. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग पीयूषच्या मोबाईलकडे.

“किती म्हनतोय?”

“दोन.”

“चेंबर तीन बी आत्ता दोनवर हाय. बाकीची तीनवर हायेत.” त्यांनी टोपी नीट केली. “शेठ, आत कुनी हाय का बगून येतो.”

“आत कोण असणार?”

“न्हाईच कुनी. तरीबी.”

ते गेले. चेंबरचं जाड दार उघडल्याचा आवाज आला आणि भिंतीकडेनं गारव्याची एक लाट पीयूषच्या घोट्यांवरून गेली. पाच-सहा मिनिटांनी काका परत आले. भुवयांवर दव होतं.

“पोती हायेत. दुसरं कायबी न्हाई.”

काचेवरचा डाग तोवर गेला होता. पीयूषनं मनाशी हिशेब मांडला: बाहेरून दमट हवा, आत गरम पत्रा, पंख्याचा झोत. त्यात न बसणारं एकच होतं, ते डागाचं लहान-मोठं होणं. ते त्यानं सोडून दिलं.

४

पुढे दर दुपारी तासभर त्याचा मोबाईल वाजत राहायचा. सेन्सर मिनिटाला एक मेसेज टाकायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं, दुसऱ्या कुणाची डिस्क गेलेली, आणि खिशात हे सतत थरथरणारं. अस्सल मेसेज त्या गर्दीत हरवायला लागले. एकदा घोडेगावच्या डॉक्टरांच्या सर्व्हरची बॅटरी संपल्याचा मेसेज त्याला दोन तासांनी दिसला. डॉक्टर फोनवर फाडफाड बोलले.

तापमान मोजण्याचं सर्किट मुख्य बोर्डावरच असतं, तेव्हा बोर्ड बदलणं हाच उपाय. त्यानं पुण्याला बोर्ड सांगितला. यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. तोवर त्यानं मंचरहून फोनच्या लाइनीवर त्या सर्व्हरला जोडून घेतलं आणि एक ओळ टाकली: दुपारी दोन ते सव्वातीन, मेसेज पाठवू नये.

आणि संपतकाकांना फोन करून सांगितलं.

“बरं झालं,” काका म्हणाले. “माजा बी लई वाजायचा. बॅटरी खातो नुसता.” मग म्हणाले, “आन बेल? बेल त्यात न्हाई ना?”

“बेल वेगळी आहे, काका.”

बेल वेगळी नव्हती. त्या ओळीत सगळंच बंद होत होतं. पंखा, डिस्क, तापमान आणि चेंबरची बटणंही. बेल वेगळी काढायला दहा मिनिटं लागली असती. पीयूषला ते माहीत होतं. बोलताना त्याच्या मनात होतं की फोन ठेवला की लगेच करू. फोन ठेवला आणि जिन्यावरून कुणी तरी वर आलं, प्रिंटर घेऊन. मग म्हणाला, संध्याकाळी करू. संध्याकाळी नारायणगावला लग्न होतं. दुसऱ्या दिवशी त्याला ते आठवलं, पण रस्त्यात असताना आठवलं. नंतर आठवेनासं झालं.

मोबाईल शांत झाला होता. शांत झालेल्या गोष्टीकडे पुन्हा कोण बघतं?

५

जूनच्या नऊ तारखेला, शुक्रवारी, चारच्या सुमारास गेणभाऊंचा फोन आला. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, त्या दिवशी त्यांचं बोलणं नीट ऐकूही येत नव्हतं.

“पीयूषभाऊ, संपत गेला. चेंबरमधी. तुमी या.”

पीयूष पोचला तेव्हा आवारात पोलिसांची जीप होती. हमाल सगळे गावातल्या एका लग्नाला गेले होते. तिथं संपतकाका एकटेच होते. चेंबर तीनचं दार आतून उघडायच्या दांड्याची पिन तुटली होती आणि दांडा नुसताच फिरत होता. काकांचा मोबाईल मशीनरूमच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. गेणभाऊ प्रत्येकाला तेच सांगत होते, “हार्टफेल झालं हो. एका झटक्यात गेला. कायबी कळलं नसंल त्याला.”

टेबलावर मोबाईलशेजारी जुनं रजिस्टर उघडं होतं. कॉम्प्युटर आल्यापासून ते बंद झालं असं पीयूष समजत होता. त्यानं पानं उलटली. मे महिन्यातल्या त्या भेटीपासून रोज एक ओळ होती, बाकी काही नाही. दोन दहा. चेंबर ३ पाहिले. कोणी नाही. दोन दहा. चेंबर ३ पाहिले. कोणी नाही. पानभर तेच, त्याच वाकड्या, दाबून लिहिलेल्या अक्षरात.

नऊ जूनच्या ओळीत एवढंच होतं: दोन दहा. चेंबर ३ पाहतो.

पीयूष सर्व्हरच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. मेसेज गेले नसले तरी सर्व्हर स्वतःजवळ सगळं लिहून ठेवत होता. बेल, चेंबर तीन. पहिली नोंद दोन दहा. दोन अकरा, दोन बारा. सुरुवातीला एका मिनिटात दोन-दोन. नंतर अंतर वाढत गेलेलं. शेवटची नोंद तीन दहा. एकूण त्रेसष्ट.

त्यानं त्या दिवसाचं सर्व्हरचं तापमान काढलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच दुपारभर ते एकतीस होतं. सरळ रेघ.

बाहेर कुणी तरी पाणी मागत होतं. पीयूष स्टुलावर बसून राहिला. सव्वा महिना रोज, मिनिटाचीही चूक न करता, कुणी तरी त्याला वेळ सांगत होतं, जागा सांगत होतं. आणि त्या वेळेला काकांना त्या जागी जायची सवय लावली होती ती त्याच मेसेजनं, त्याच्याच फोननं. हे दोन्ही त्याच्या डोक्यात एकाच वेळी मावेना.

६

ठकूबाई, संपतकाकांची बायको, संध्याकाळी तळेघरहून आल्या. कुणाच्या तरी जीपनं आणलं होतं त्यांना. त्या रडत नव्हत्या. आवारातल्या वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पीयूष समोरून जाऊ लागला तसं त्यांनी हाक मारली.

“तुमीच का मंचरचे शेठ? कॉम्प्युटरवाले?”

“हो, मावशी.”

“ह्ये तुमचं लई नाव घ्यायचे. म्हनायचे, आता आत अडकायचं भ्या न्हाई, बटन दाबलं की मंचरपातूर कळतंय.” त्यांनी वर पाहिलं. “शेठ, बटन दाबलं व्हतं का ह्येंनी?”

गेणभाऊ शेजारीच उभे होते. ते पीयूषकडे बघत नव्हते. जीपकडे बघत होते.

“नाही, मावशी,” पीयूष म्हणाला. “दाबलंच नाही. आत गेल्या गेल्याच झालं असणार सगळं.”

ठकूबाईंनी मान हलवली. “मंग बरं. मला वाटलं, वाट बगत बसले आसतील.”

त्या संध्याकाळी परत निघण्याआधी पीयूषनं सर्व्हरमधल्या त्रेसष्ट ओळी पुसल्या. हात थरथरला नाही, हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं. गेणभाऊंना तो म्हणाला, बोर्ड खराब आहे, सर्व्हर घेऊन जातो. मंचरला आणून त्यानं तो माडीवर भिंतीशी ठेवला, वायर काढून. सिमकार्ड मोडून टाकलं.

त्याला वाटलं होतं दोन दहाला काही तरी होईल. कितीतरी दुपारी तो मोबाईल समोर ठेवून बसला. काही झालं नाही. त्याला झोप लागायची, भूक लागायची. सोडवत नव्हती ती एकच सवय: कुणी काही विचारलं की आधी “नाही” म्हणायची.

७

भाद्रपदात पर्युषण आलं. संवत्सरीच्या दिवशी जैन स्थानकातून घरी आल्यावर त्याची आई, उगमबाई, सगळ्यांपुढे हात जोडत होती. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, मिच्छामि दुक्कडं. मुलापुढेही तिनं हात जोडले. पीयूषनंही जोडले. मग फोन घेऊन नेहमीसारखा गिऱ्हाइकांची यादी लावत बसला. आठ-दहा जणांना म्हणून झाल्यावर त्यानं फोन खाली ठेवला.

“काय झालं रे?” उगमबाईंनी विचारलं.

“ज्याला म्हणायला पाहिजे त्याला म्हटलंच नाही, आई.”

“मग उद्या जाऊन ये,” ती म्हणाली. कोण, काय, तिनं विचारलं नाही.

सकाळच्या एसटीनं तो तळेघरला उतरला. तिथून पुढे चिखलातून तासभर चालणं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर ढग टेकलेले. ठकूबाईंचं घर वस्तीच्या टोकाला होतं. त्यांनी त्याला ओळखलं, घोंगडी अंथरली, कोरा चहा दिला. त्या काही विचारीनात आणि त्याला सुरुवात सापडेना.

शेवटी त्याच म्हणाल्या, “बरं झालं आलात. तुमी तरी सांगाल.” आणि कणगीवरून त्यांनी पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला. संपतकाकांचा. “गेणभाऊंनी ह्येंच्या कापडासंगं दिला. रोज दुपारी वाजतोय. मला वाचता येत न्हाई.”

पीयूषनं मोबाईल हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात रेंजची एकही काडी नव्हती.

“इथं रेंज येते, मावशी?”

“न्हाई की. हितं कुनाचाच लागत न्हाई. बोलायचं तर लोक वरल्या खिंडीत जात्यात.”

त्यानं मोबाईल उलटून पाहिला. “किती वेळा वाजतो?”

“आदी भरभर वाजतोय, मंग सावकाश, मंग लई येळानं. मी चार दिवस तांदळाचं दानं मांडून मोजलं.” त्यांनी बोटं उघडी केली, जणू दाणे अजून मुठीतच होते. “तिरसष्ट.”

तो आकडा जगात एकाच माणसाला माहीत होता, आणि त्यानं तो पुसला होता.

बाहेर पावसाची बारीक भुरभुर चालू होती. मोबाईलच्या पडद्यावर एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मग पीयूष बोलला. सगळं बोलला, दहा मिनिटांचं राहिलेलं काम, लग्न, फोनवर काकांना दिलेलं उत्तर, वजनकाट्यावर दिलेलं उत्तर, पुसलेल्या ओळी. ठकूबाई चुलीकडे तोंड करून ऐकत होत्या. त्याचं संपलं तरी त्या वळल्या नाहीत.

दोन दहाला मोबाईल त्याच्या हातात थरथरला. बेल, चेंबर तीन. पुन्हा थरथरला. बेल, चेंबर तीन.

“ह्ये काय म्हनतंय?” ठकूबाईंनी विचारलं.

“काका बटण दाबतायत.”

 मग वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर पीयूषला सोसलं असतं.

“मंग हितं काय करताय?” त्या म्हणाल्या. “जावा की. दार उगडा.”

८

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तो गेणभाऊंसमोर उभा होता. त्यांनाही त्यानं सांगितलं. गेणभाऊ बराच वेळ अंगठ्यानं टेबलाची कड घासत होते.

“मला वाटलंच व्हतं,” ते शेवटी म्हणाले. “तवाच वाटलं. इचारलं न्हाई मी.” त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून पुढे सरकवली. “तीन नंबर तवापासून बंद हाय. मी येत न्हाई आत.”

बेणं केव्हाच गेलं होतं. मशीन दुरुस्तीसाठी बंद, जनरेटर बंद. पीयूषनं ही जागा कधी इतकी शांत पाहिली नव्हती. पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा होता. चेंबर तीनच्या दाराला हात लावला तर ते कोमट लागलं, पावसाळ्यात कुठलंही बंद दार लागतं तसं.

दोन दहाला त्यानं कुलूप काढलं आणि दांडा ओढला.

थंडी आली. अडीच महिने बंद असलेल्या, रिकाम्या, कोमट खोलीतून दोन अंशांची थंडी त्याच्या तोंडावर आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आत अंधार होता. दारापासून दोन हातांवर प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. प्रत्येक पट्टी आतल्या बाजूनं धुरकटलेली. त्याच्या तोंडाच्या उंचीवर, मधल्या पट्टीवर, एक डाग होता. वाटीएवढा. आक्रसला. पुन्हा वाटीएवढा झाला, पण आधीपेक्षा कमी.

पीयूषनं दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. दार जड होतं आणि स्वतःहून मिटू पाहत होतं. त्यानं त्यात खांदा रोवला.

“काका,” तो म्हणाला. “दार उघडं आहे.”

डाग थांबला.

मग मधली पट्टी बाहेरच्या बाजूला हलली, तिच्या शेजारची हलली, दोहोंमध्ये फट पडली. फटीत त्याला लोकरीची टोपी दिसली, खाली वाकलेली, आणि टोपीवर पांढरं दव. चेहरा दिसला नाही, किंवा त्यानं पाहिला नाही. हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पट्ट्या एकेक करून मागे पडल्या. त्याच्या उजव्या दंडाला काही तरी घासून गेलं, ओल्या लोकरीसारखं, घाईत असलेल्या माणसाचं लागतं तसं.

त्याला बोलायचं होतं. सबंध एसटीत तो ते शब्द घोकत आला होता. तोंड उघडलं तेव्हा आवारातल्या चिखलात पावलं वाजत होती, फाटकाकडे, न थांबता. त्यानं मागे वळून पाहिलं, तर फाटकाशी फक्त पाऊस.

चेंबर कोमट झाला होता. तो तरीही तीन दहापर्यंत दार धरून उभा राहिला. गेणभाऊंनी येऊन त्याचे हात सोडवले.

९

पुढे काही झालं नाही. पीयूष पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, डॉक्टरांनी हार्टफेल लिहिलंय, तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका. गेणभाऊंनी चारही चेंबरवर नवे भोंगे बसवले. पीयूषनं सातही ठिकाणचे मोडेम काढले आणि लोकांना सांगितलं की बिघडलं की बोलवा, मी येईन. काही जणांनी दुसरा माणूस बघितला.

दिवाळीनंतर तो एकदा तळेघरला गेला. भाताची कापणी झाली होती. ठकूबाई अंगणात बसल्या होत्या आणि तो मोबाईल त्यांच्या मांडीवर होता.

“तुमी दार उगडलं त्या दिसापासून वाजला न्हाई,” त्या म्हणाल्या.

“बरं झालं, मावशी.”

“व्हय. बरंच झालं.” त्यांनी पदरानं मोबाईलची काच पुसली. “पन इकडं आले न्हाईत. मला वाटलं व्हतं, सुटल्यावर घराकडं येतील.”

 तो त्यांच्याशेजारी बसला. आता तरी ते शब्द म्हणावेत म्हणून त्यानं हात जोडले, पण ठकूबाईंचं लक्ष नव्हतं. त्या मोबाईल त्याच्यापुढे धरत होत्या.

“शेठ, येवढं बगा. चालू हाय ना ह्यो? बिगडला तर न्हाई?”

त्यानं बघितलं. मोबाईल चालू होता. बॅटरी भरलेली होती, आवाज मोठा ठेवलेला होता. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं.

“चालू आहे, मावशी,” तो म्हणाला.

“मंग बसा जरा,” त्या म्हणाल्या. “दोन वाजत आलेत.”